दोन्या हेनोवेवा यांचे हात बातमीत दाखवल्याबाबत

पोलीस ठाणे, पायता बंदर, पेरू

नाव एल्मर पांता चुंगा, वय ३४, काम स्थानिक वाहिनीवर व्हिडिओ एडिटर, राहणार मासळी धक्क्यामागची गल्ली, पायता. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपणहून हजर राहून सांगतो की,

हेनोवेवा केरेवालू या माझ्या बाप्तिस्म्याच्या धर्ममाता. बंदरातले लोक त्यांना मानाने दोन्या म्हणतात, मी माद्रीना म्हणतो. आई गेल्यावर त्यांनीच मला लहानाचे मोठे केले. धक्क्यावर त्यांची सेविचेची गाडी आहे. कच्च्या मासळीला लिंबू, कांदा, मिरची लावून त्या विकतात. बाईच्या हाताला चव आहे असे सगळे बंदर म्हणते. म्हणजे म्हणत होते.

ठाण्यातल्या साहेबांनी विचारले म्हणून कामाची रीत सांगतो. बातमी वाचली जात असताना खाली चित्र लागते. त्या जागी जाऊन घेतले ते ताजे. आधीच्या प्रसंगाचे, जपून ठेवलेले, ते साठ्यातले. साठ्यातले दाखवले तर कोपऱ्यात 'संग्रहित' असे लिहायचे असते. आमच्याकडे लिहीत नाहीत. वृत्तप्रमुख रोनाल्द साहेब म्हणतात, "शिळं आहे म्हटलं की लोक चॅनेल बदलतात." मीही कधी तोंड उघडले नाही.

गेल्या मंगळवारी वरच्या वस्तीतल्या एका खानावळीत सेविचे खाऊन माणसे आजारी पडली. आरोग्य खात्याने खानावळीला कुलूप लावले. आमचा कॅमेरा त्या वेळी हमरस्त्यावरच्या अपघाताला गेला होता. रोनाल्द साहेब म्हणाले, "साठ्यातलं काहीतरी डकव रे. लिंबू पिळताना, मासळी कापताना. चेहरा नको म्हणजे झालं." मी जे हात काढले ते माद्रीनांचे होते. सान पेद्रोच्या जत्रेत मीच ते चित्रण केले होते. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तोंडाचं नको काढू, सुरकुत्या दिसतील. हातांचं काढ, हात अजून बरे आहेत."

आमच्या धंद्यात चेहरा नसला की माणूस नसतो. माद्रीनांच्या उजव्या हाताचे पहिले बोट अर्धेच आहे, तरुणपणी मासळीच्या कारखान्यात तुटले. ते मी लहानपणापासून बघत आलो, म्हणून पडद्यावर मला ते दिसलेच नाही. बाकी बंदराला दिसले.

बुधवारी सकाळी धक्क्यावर लोक जमले. मी तिथे नव्हतो, पुढचे एका मोबाईलवरच्या चित्रणात पाहिले. एक जण ओरडतो, "हीच ती. बोट बघा तिचं. लोकांना मारायला बसलीय म्हातारी." माद्रीना त्याला म्हणतात, "तुझ्या पोराला परवा मीच भरवलंय की रे. घरी जाऊन विचार, कसा आहे तो." मग गाडी उलटवली. त्या खाली वाकून लिंबे गोळा करताना दिसतात.

ते चित्रणही वाहिनीवर बातमी म्हणून लागले, आणि तेही मीच कापले. कोणी दावा लावू नये म्हणून मोडतोड करणाऱ्यांचे चेहरे धूसर करायची पद्धत आहे. मी ते धूसर केले. माद्रीनांचा चेहरा उघडाच ठेवला. तेव्हा त्यांचा विचारच मनात आला नाही, हे सांगायला मला लाज वाटते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. शिव्या खायची तयारी होती. त्यांनी आधी चहा टाकला. म्हणाल्या, "हात दिसले तेव्हा मीच गल्लीतल्या बायकांना हाका मारल्या. म्हटलं, या गं, आमच्या एल्मरने माझं टीव्हीवर दाखवलंय. सगळ्या आल्या. मग ती मुलगी काय वाचतेय ते ऐकलं."

मी म्हणालो, तक्रार करू. त्या म्हणाल्या, "तुझ्यावर? गप बस." म्हणून मी आलो आहे. मोबाईलवरचे मूळ, चेहरे न झाकलेले चित्रण सोबत देत आहे. रोनाल्द साहेबांनी ते द्यायला मनाई केली होती. तक्रारीत त्यांच्यासोबत माझेही नाव लिहावे.

वाहिनीने शुक्रवारी चूक कबूल केली. दोन वाक्ये वाचली, खाली समुद्राचे चित्र लावले. ते कोणी पाहिले असेल असे वाटत नाही.

काल गाडी पुन्हा उभी राहिली. दुपारपर्यंत गिऱ्हाईक नव्हते. मी सगळ्यांसमोर उभा राहून खाल्ले. माद्रीनांनी दोन्ही हातांत प्लास्टिकचे मोजे घातले होते, अर्ध्या बोटावरचे टोक रिकामे लोंबत होते. मी म्हणालो, काढा ते. त्या म्हणाल्या, "राहू दे रे. लोकांना बघवत नाहीत."

वरील मजकूर हवालदारांनी मला ऐकवला. मी बोललो तोच आहे, त्यात काही कमी-जास्त नाही. खाली सही करतो.

एल्मर पांता चुंगा