केरबाच्या टॅक्सीतला आरसा

या, जवळ सरकून बसा. शेकोटीत अजून एक ओंडका टाका. आणि ज्याला करंजखिंडीतून घरी जायचंय, त्याने आज इथेच पथारी टाकावी. का, ते ऐका.

हेरवाड्यात दौलू म्हणून एक माणूस होता. तसबिरींना चौकटी करायचा आणि आरशांना कलई. देव्हाऱ्यातला असो, न्हाव्याचा असो, कसलाही आंधळा आरसा त्याच्याकडे द्यावा आणि आठ दिवसांनी त्यात आपल्या भुवईचे केस मोजून घ्यावेत. कारागिरांत अशी माणसं पुष्कळ भेटतात. हातातलं काम नीट झालं की त्यांना दुसरं काही दिसत नाही. दौलू तसाच. एवढं ध्यानात ठेवा.

त्याच गावात केरबाची जुनी काळी फियाट होती. केरबाने तीस वर्षं ती टॅक्सी म्हणून चालवली. खिंडीतून खाली तालुक्याला, तालुक्याहून वर गावाला. दिवसा चालवली, रात्रीही चालवली. शेवटी म्हातारपणाने अंथरुणातच गेला. मागे राहिली लेक, हौसा. बेळगावच्या एका शौकीन गृहस्थाने गाडी मागितली, पण त्याची अट अशी, की सगळं मूळचं हवं. आतला आरसासुद्धा मूळचाच हवा. आणि तो आरसा तर पार गेलेला. मागचा रस्ता सोडा, त्यात आपलं नाकही दिसत नव्हतं.

हौसाने तो दौलूकडे दिला. दौलूने पत्र्याची कड हलक्या हाताने उचलली, काच काढली, पालथी केली आणि थांबला. ऐका हं. जुनी कलई कडेकडेने जाते. ओल धरते, काळे डाग पडतात. ही कडेला शाबूत होती आणि मधे गेलेली होती. उभ्या रेघा, आडव्या रेघा. खिळ्याने खरवडल्यासारख्या. म्हणजे कोणीतरी आरसा उघडला, आतून खरवडला आणि पुन्हा बंद केला.

दौलूची बायको अनसा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"बघ गं," दौलू म्हणाला, "केरबाने काय करून ठेवलंय."

"केरबाभावजी कशाला करतील? गाडीला पोटच्या पोरागत जपायचे."

"मग कुणी केलं?"

"मला काय ठावं. हौसाला इचारा की."

विचारलं नाही. आरसा सुधारायचा होता, कोणी बिघडवला ते कशाला हवं? उरलेली कलई उतरवली. गाडीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने काच धुतली, एकदा, दोनदा, तीनदा. वर चांदीचं पाणी ओतलं, त्यात साखरेचं पाणी. काच आधी तपकिरी झाली, मग काळसर, आणि मग आतून पहाट व्हावी तशी उजळली. पाठीवर लाल रंगाचा हात दिला. आरसा ज्यावर फिरतो तो दांडीचा गोळा सैल होता, त्यात चामड्याची चकती बसवली. आता आरसा एका बोटाने वळायचा आणि ठेवाल तिथे राहायचा. दौलू तो उन्हात धरून तासभर बघत बसला.

अनसा म्हणाली, "माझ्याकडं कधी इतकं निरखून बघितलं न्हाई तुम्ही."

"गाडीत मागं बस एकदा. आरशातनं बघतो."

दोघंही हसली.

शुक्रवारी दिवेलागणीला त्याने आरसा गाडीत बसवला. घरी आला तर अनसा जमिनीवर मुटकुळं करून पडलेली. सकाळपासून पोटात कळा होत्या, सांगितलं नव्हतं. उलट्या थांबेनात. गावातली निम्मी माणसं लग्नाला गेलेली. वैद्य नाही, दुसरी गाडी नाही. दौलू हौसाच्या दारात गेला. गाडी चालवायला त्याला केरबानेच शिकवलं होतं.

हौसाने किल्ली दिली आणि तान्हं पोर काखेत घेऊन त्याच्या मागोमाग आली. "दौलूकाका, काकूला पुढं बसवा."

"अगं, तिला बसता कुठं येतंय? आडवीच न्यायला पाहिजे."

"बाबा एकट्या माणसाला घाटात कधी मागं बसवत नव्हते. म्हणायचे, मागं बघायचं कारणच ठेवायचं न्हाई."

"म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी." असं म्हणून त्याने अनसाला मागच्या सीटवर निजवलं. तिचे केस सुटलेले, घामाने गालाला चिकटलेले. पाण्याचा तांब्या फडक्याने बांधून त्याने स्वतःशेजारी पुढच्या सीटवर ठेवला. पुढच्या सीटवर. हेही ध्यानात ठेवा.

निघाले. खिंड लागली. खाली दरी, वर करंजाची झाडं आणि दिव्यांच्या उजेडात पुढे सरकणारा रस्ता. पहिलं वळण गेलं. अनसा कण्हत होती, ती गप्प झाली. दौलूने आरशात पाहिलं. कोणीही पाहील. त्याला अनसा दिसली आणि मागच्या काचेपलीकडे रस्त्यावर एक बाई उभी दिसली. लांब. पण आत्ता तिथून आलो, तेव्हा तर कोणी नव्हतं!

दुसरं वळण. गाडी उताराला लागलेली. पुन्हा पाहिलं. बाई जवळ आलेली. चालत नव्हती, पळत नव्हती. उभीच होती, आणि जवळ आलेली. बघू नये म्हणून त्याने मन घट्ट केलं. पण अनसाचा आवाज नाही. श्वास चालतोय का? बघावंच लागलं. आता त्या बाईचे हात मागच्या काचेला टेकलेले.

तिसऱ्या वळणावर पाहिलं तर ती आत होती. अनसाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. बोटांनी तिचे केस विंचरत होती. एकेक बट सोडवत होती, सावकाश, जशी आई सोडवते.

तेव्हा दौलूला त्या रेघा कळल्या. उभ्या आणि आडव्या. आपण पाहू तेवढीच ती पुढे येते. केरबाला हे तीस वर्षं ठाऊक होतं.

त्याने आरसा छताकडे वळवला. आरसा हळूच खाली आला. आपोआप. नवी चकती, गुळगुळीत गोळा, सगळं त्याच्याच हातचं. पुन्हा वळवला, पुन्हा आला, आणि नेमका तिच्या तोंडासमोर थांबला. दौलूने डोक्याचा पटका सोडला आणि एका हाताने आरशाला गुंडाळला. एक वेढा, दोन वेढे, तीन. टोक आत खोचलं. आता दिसणार नाही. आता काही झालं तरी मागे बघायचं नाही.

आणि मागून हाक आली.

"अवो, पाणी द्या."

अनसाचा आवाज. हुबेहूब. दौलूने दात आवळले. इतका हुबेहूब आवाज तिला काढता येणारच, नाही तर ती भूत कसली? त्याने गाडी दामटली.

"अवो, घोटभर द्या. घसा सुकला."

तांब्या त्याच्या मांडीला लागत होता. आतलं पाणी हिंदकळत होतं. त्याने मान वळवली नाही.

तिसरी हाक आली ती पुटपुटल्यासारखी. "एकदा तरी बघा की माझ्याकडं." आणि खांद्यावर हात पडला. बोटं गार होती. बोटांनी सदरा मुठीत धरला. दौलू देवाचं नाव घेत राहिला. डोळे रस्त्यावर. घाटाच्या पायथ्याला म्हसोबाचा शेंदरी दगड आहे. तो मागे पडला तसा आवाज थांबला.

सुटलो, असं त्याला वाटलं. आणि तो सुटलाही होता. गाडी शाबूत, तो शाबूत.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी मागचं दार उघडलं. बॅटरी मारली. मनगट धरलं, डोळ्याची पापणी उचलली आणि विचारलं, "किती वेळ झाला?"

"कशाला?"

"बाई गेल्या आहेत. अंगात पाणी राहिलं नव्हतं. वाटेत काही पाजलं होतं का?"

दौलूला उतरता येईना. मागून कोणीतरी धरलं होतं. डॉक्टरांनी बोटं एकेक करून सोडवली. अनसाचा हात होता. हिरव्या बांगड्यांचा. मागून, पुढच्या सीटच्या पाठीवरून त्याच्या खांद्यापर्यंत आलेला.

आणि ऐका. मोकळ्या केसांनी निघालेली ती. तिची वेणी घातलेली होती. घट्ट, तीनपेडी, नीट भांग पाडून.

म्हणजे ती दुसरीही होती. दोघीही होत्या. मग हाक कोणाची? पहिली अनसाची, दुसरी तिची? की तिन्ही तिच्या, आणि हात तेवढा अनसाचा? की तिन्ही अनसाच्याच?

हौसाने गाडी विकली नाही. आरसा दौलूने आपल्या हाताने पुन्हा खरवडला. उभा आणि आडवा. त्यानंतर कलईचं काम कधी केलं नाही. चौकटी तेवढ्या करतो. दुकानात गेलात तर चहा पाजील, चांगलं बोलेल, आणि तुम्ही उठायला लागलात की हळूच विचारील, "तुम्हाला काय वाटतं, एक तरी हाक त्या दुसरीची असंल का हो?" तुम्ही नाही म्हणालात तरी तो मान हलवतो, हो म्हणालात तरी हलवतो. तांब्या तिथेच फळीवर आहे, फडकं बांधलेला.

तेव्हा करंजखिंडीतून जाऊ नका. रात्री नाही, तिन्हीसांजेला नाही. सहा कोस लांबचा रस्ता पडला तरी पडू द्या. त्या वाटेवरून आजवर माणसं जिवंत परत आली आहेत, दौलूही आला आहे. त्याला एकदा बघून या आणि मग ठरवा.

झोपा आता. आणि कोणाला रात्री तहान लागली तर हाक मारू नका. माठ मधेच ठेवलाय. उठून आपल्या हाताने घ्या.