मोडी आणि दोनची एसटी

आमच्या वाशिमच्या कॉलेजात विषय कसे निवडतात, ऐका. मला मोडी लिपीचा पेपर हवा होता, कारण पुढे जुनी कागदपत्रं वाचण्याचंच काम करायचं आहे. फॉर्म घेऊन इतिहासाच्या सरांकडे गेले; मोडी तेच शिकवतात.

"गाव कोनतं तुयं?"

"अनसिंग."

"मंग मोडी कायले पाह्यजे? तो तास तीनले. अनसिंगची एसटी दोनले जाते. पर्यटन घे, बाराले मोकळी होशीन."

"सर, माझ्यापाशी स्कूटी आहे."

"घरचे काय म्हनतीन?"

"स्कूटी त्यांनीच घेऊन दिली."

सरांनी 'विद्यार्थ्याची आवड' या रकान्यात स्वतःच्या पेनाने 'पर्यटन' लिहिलं आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"हाव न बापा, तुयापाशी स्कूटी हाये. मले त दोनच्याच एसटीनं जा लागते."