शकूताईंचा उरलेला आवाज

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विश्वजीतराव, आमच्या नाट्यसंस्थेचे निर्माते श्रीनिवासराव, जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती आपली उत्सवमूर्ती शकूताई, आणि रविवारची दुपारची झोप मोडून आलेल्या, म्हणजे खऱ्या अर्थाने त्याग करून आलेल्या पुणेकर रसिकांनो, आपल्याला माझा मनापासून नमस्कार.

मी नाटक लिहिते. लिहिणाऱ्या माणसाला बोलायला उभं केलं की तो एकतर कागद वाचतो, नाहीतर भलतंच बोलून बसतो. मी आज कागद आणलेला नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

निमंत्रणपत्रिकेत छापलंय की शकूताई रंगभूमीवरून निवृत्त होत आहेत. 'निवृत्त' हा शब्द त्यांना मुळीच आवडलेला नाही. त्यांनी मोबाईलवर टाइप करून मला दाखवलं, "मी काय बँकेत होते?" आपल्याला माहीतच आहे, गेल्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या अशाच टाइप करून बोलतात. आणि त्यांच्यासमोरच सांगते, टोमणे पूर्वीपेक्षा धारदार झालेत. आता विचार करायला वेळ मिळतो ना!

'पाणी आलं का?' या आमच्या नाटकात त्या आत्या व्हायच्या. घरात सगळ्यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं असतं. भाची आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारते, "आत्या, येतेस ना?" आणि विंगेतून आधी नुसता आवाज येतो, "आले गं, आले." बस्स. मी ते वाक्य लिहिलं होतं निव्वळ पात्राला रंगमंचावर आणायची सोय म्हणून. शकूताईंनी त्यात काय घातलं ते मला आजही कळलेलं नाही. बाई अजून दिसलेलीसुद्धा नाही, आणि प्रेक्षक रुमाल शोधतायत.

आता श्रीनिवासरावांचा नियम सांगते. तालमीला आलं की प्रत्येकाचा मोबाईल दाराशी ठेवलेल्या स्टीलच्या डब्यात जायचा. प्रयोगाचं चित्रीकरण कुणीही करायचं नाही, अगदी आपणही नाही. "नाटक डब्यात भरायचं नसतं," ते म्हणायचे. शकूताई विचारायच्या, "मग आमचे मोबाईल का भरता?" पण नियम सगळ्यांनी पाळला. इतका पाळला, की आमच्या नाटकाचा एक मिनिटाचा तुकडासुद्धा आमच्याकडे नव्हता.

आणि मग एक दिवस अख्खं नाटक मोबाईलवर फिरायला लागलं. प्रेक्षागृहात बसून कुणीतरी उतरवून घेतलेलं. पुढच्या माणसाचं टक्कल, खोकला, वेफर्सचा आवाज, सगळ्यासकट. लोक आम्हाला आनंदाने सांगायचे. येरवड्याला शकूताईंच्या घराखाली एका गृहस्थांनी त्यांना थांबवलं. "ताई, काय काम केलंय हो! मोबाईलवर तीन वेळा पाहिलं."

शकूताई म्हणाल्या, "तिकीट काढून?"

"तिकीट कशाला? व्हॉट्सॲपवर आलं ना!"

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर दुःख होतं. तिकीटखिडकीवरची गर्दी ओसरली. पडद्यामागच्या मंडळींनी दुसरी कामं धरली. श्रीनिवासरावांनी तक्रारी केल्या. एका ठिकाणून काढलं की दुसऱ्या नावाने दुसरीकडे वर यायचं. आमची सगळी मंडळी हात धुऊन मागे लागली. या सगळ्यात सर्वांत जास्त चिडलेलं कोण होतं? शकूताई. "ज्यानं केलं त्याचे हात..." पुढचं मी या व्यासपीठावरून बोलू शकत नाही.

ज्यांनी केलं त्या स्वतःहून आल्या. धायरीच्या शालूताई. नाव घेते आहे, कारण त्यांनीच सांगितलंय घ्या म्हणून. म्हणाल्या, "सासूबाईंसाठी घेतलं हो. त्यांना पायऱ्या चढवत न्हाईत. मी नुसतं घरच्या ग्रुपवर टाकलं. पुढं कुनी पाठवलं, मला ठावं न्हाई." आणि आमच्यासमोर त्यांनी ते पुसून टाकलं. हळूहळू बाकी ठिकाणचंही सगळं काढलं गेलं. पण नाटक तोवर बंद पडलं होतं. पुन्हा उभं करू, म्हणून आम्ही पुढच्या वर्षाची वाट पाहत राहिलो. आणि पुढच्या वर्षी ऑपरेशन आलं.

आजचा समारंभ ठरला तेव्हा कुणीतरी सहज म्हणालं, "ताईंचा आवाज ऐकवूया ना लोकांना." पण आमच्याकडे तर एक मिनिटाचा तुकडाही नव्हता. कुठून ऐकवणार?

मग रसिकहो, जे शोधून शोधून नष्ट केलं, तेच आम्ही शोधायला निघालो. शालूताईंना फोन केला. त्या दुखावल्या. "तुमच्या म्होरंच पुसलं की ताई. परत ठिवीन कशाला?" आम्ही रसिकांच्या ग्रुपवर निरोप टाकला, 'कुणाकडे आमच्या नाटकाचं रेकॉर्डिंग असेल तर कृपया द्यावं, कारवाई होणार नाही.' हे वाचून पुण्यात कोण पुढे येणार? एकांनी उत्तर दिलं, "आम्ही त्यातले नव्हे." तीन वेळा पाहणाऱ्या त्या गृहस्थांनी तर असं नाटक असल्याचंच नाकारलं.

अखेर आम्ही हात टेकले. श्रीनिवासरावांच्या घरी बसलो होतो. शकूताई इतका वेळ गप्प, म्हणजे काहीच टाइप न करता बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून आपला मोबाईल काढला आणि टेबलावर सरकवला. पडद्यावर ते टक्कल होतं.

मी विचारलं, "ताई, हे कधीपासून?"

त्यांनी मोबाईल परत ओढून टाइप केलं, "पहिल्या आठवड्यापासून." मग लिहिलं, "आत्या कशी दिसते ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मीच नव्हतं पाहिलं."

नाटकात काम करणाऱ्या माणसाला आपलं नाटक कधीच पाहता येत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि लेखिका म्हणवणाऱ्या मला ती सुचली नव्हती.

मी श्रीनिवासरावांकडे पाहिलं. वाटलं, आता स्फोट होणार. ते उठले, दार लावून आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आवाज वाढवा जरा."

माझं मत बदललंय का? नाही. दुसऱ्याचं काम न विचारता घेणं ही चोरीच आहे. आमचं नाटक बंद पडलं ते त्या रेकॉर्डिंगमुळे. आणि शकूताईंचा आवाज जगात कुठे उरला असेल, तर तोही त्याच रेकॉर्डिंगमध्ये. ही दोन वाक्यं मला एकमेकांना जोडता येत नाहीत. म्हणून नुसती शेजारी शेजारी ठेवते.

त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक आवाज आहे. आत्या बोलायच्या जरा आधी शालूताई मोबाईलशी कुजबुजतात, "आई, आता नीट ऐका हं, आत्या येत्यात." शालूताई म्हणाल्या, माझं तेवढं कापून टाका, लाज वाटते. शकूताईंनी टाइप केलं, "राहू दे." आजचं सभागृह आम्ही मुद्दाम तळमजल्यावरचं घेतलं. पहिल्या रांगेत शकूताईंच्या शेजारी बसल्या आहेत त्या शालूताईंच्या सासूबाई, चंद्रभागाबाई. त्यांना एकही पायरी चढावी लागलेली नाही.

अध्यक्ष महोदय, आपण मला हवं तितकं बोलू दिलंत, आयोजकांनी एकदाही घड्याळाकडे बोट दाखवलं नाही, आणि आपण सर्वांनी माझ्या या वेड्यावाकड्या आठवणी प्रेमाने ऐकल्यात, याबद्दल मी आपली ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, एखादं नाव राहिलं असेल, तर ते माझ्या पदरात टाकून मोठ्या मनाने विसरून जा.

एकच विनंती. मोबाईल खिशात ठेवा. हक्कांसाठी नव्हे, त्यांची काळजी श्रीनिवासराव घेतील. अंधारात मोबाईल उघडला की फक्त हनुवटी उजळते, चेहरा दिसत नाही. ते रेकॉर्डिंग आता इथल्या पडद्यावर लागेल, आणि शकूताई आज पहिल्यांदा प्रेक्षकांत बसून आपलं काम पाहणार आहेत. त्या मागे वळून पाहतील तेव्हा त्यांना आपले चेहरे दिसू देत.

दिवे मंद करा. हाक मारायचा मान आज मला दिलाय.

आत्या, येतेस ना?