वकिलाला सांगितलेली गोष्ट

कोर्टाच्या व्हरांड्यात निवृत्त शिक्षिकाबाई मुलीच्या भाडेकराराची वाट बघत बसल्या होत्या. त्याच बाकावर एक सलूनवाला आणि त्याचा वकील येऊन टेकले, आणि बाई पेपरचं पान उलटायचं विसरल्या.

"सरकार फुकट वकील देत होतं, तर नको म्हणालास. माझ्यात काय पाहिलंस?"

"वीस वर्षं तुमची दाढी करतोय साहेब. मी अखंड बडबडतो, तुम्ही चकार शब्द काढत नाही. म्हटलं, हाच माणूस."

"गळ्यावर वस्तरा असताना कोण बोलेल?"

"हे ध्यानातच आलं नाही. एवढीच माझी अक्कल."

"बरं, खरं सांग. न्यायाधीशांनी विचारलं तरी तुझ्या परवानगीशिवाय मला ते सांगता येत नाही. समोरच्या सलूनचा आरसा कुणी फोडला?"

बाई पिशवी घेण्याच्या निमित्ताने जरा सरकल्या.

"मीच. त्याची अर्ध्या दराची पाटी बघितली आणि डोकं फिरलं. जगाची डोकी सांभाळतो, स्वतःचं तेवढं सांभाळता येत नाही."

"आणखी कुणाला बोललास?"

"छे. फक्त खुर्चीत बसणाऱ्यांना."

"किती?"

"दिवसाला पंधरा-वीस. पण प्रत्येकाला बजावलंय, आपल्यातच ठेवा म्हणून."

"त्यांचा साक्षीदार तो कोपऱ्यावरचा शिंपी आहे. तो तरी तुझ्याकडे येत नाही ना?"

"मंगळवारीच येऊन गेला."

वकिलांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हणजे अख्ख्या गावात गप्प बसायचं बंधन माझ्या एकट्यावर."

"म्हणून तर तुम्हाला निवडलं साहेब."