सात घरचं तेल

या मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनी जागं राहायचं, एवढीच अट! आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. निष्ठा एकावर असावी, का अनेकांवर?

एकावर! बघा, सगळे एका सुरात बोललात. देव एक, गुरू एक. आणि बायको? — ते कोपऱ्यातले काका जरा उशिराच ‘एक’ म्हणाले. काकूंनी वळून बघितलं तेव्हा! असू दे. आता मला सांगा, म्हातारपणाची पुंजी? तीही एकाच ठिकाणी? ... का हो, आता का गप्प झालात? मग ऐका. तळेवाडीच्या अण्णा निगवेकरांची गोष्ट ऐका.

तळेवाडीत रामेश्वराचं देऊळ. गाभाऱ्यात नंदादीप. कुणालाही आठवतं तेव्हापासून तो विझलेला नाही. आणि त्याला तेल कुणाचं? सात घरांचं. सात वार, सात घरं. सोमवारी पाटलांकडून, मंगळवारी सुतारांकडून, बुधवारी निगवेकरांकडून, असं करत शनिवारी सखूआजीकडून. सखूआजी म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. शनिवारी सकाळी न्हाऊन, पदराखाली तेलाची वाटी झाकून यायची. वाटी केवढी? एवढीशी! पण चालायची अशी, जणू देवाला राज्य द्यायला निघालीय.

अशा या आपल्या गावात अण्णा निवृत्त होऊन परतले. पस्तीस वर्षं शहरातल्या एका कारखान्यात होते — विक्रमशील पंप. फिटर म्हणून लागले, फोरमन होऊन बाहेर पडले. नोकरीत असताना कंपनीनं थोडे शेअर दिले होते. आणि निवृत्तीला फंडाचे जे पैसे आले, त्यांचं अण्णांनी काय केलं? पुन्हा त्याच कंपनीचे शेअर घेतले! सगळ्याचे.

सुमनताई, त्यांच्या मंडळी, म्हणाल्या, “अहो, निम्मे तरी पोस्टात ठेवा.”

अण्णा म्हणाले, “ज्या कंपनीचं मीठ खाल्लं, तिला सोडून दुसरीकडं बघू? पस्तीस वर्षं मी त्या मशीनला हात लावून नमस्कार केलाय.”

माणूस भला. चूकही भल्या माणसाचीच आहे.

दर वर्षी श्रावणात लाभांश यायचा. लाभांश म्हणजे काय? कंपनीला नफा झाला की भागधारकांना वाटतात तो प्रसाद. आणि प्रसादाचं कसं असतं? वाटला तर वाटला! हात पुढं करता येतो, हक्क सांगता येत नाही. अण्णा मात्र त्याला पगार समजून बसले. पारावर सांगायचे, “यंदा चारशे टक्के लाभांश.” ऐकणाऱ्यांचे डोळे विस्फारायचे. अहो, पण चारशे टक्के कशावर? शेअरच्या कागदावर जी किंमत छापलेली असते ना, दोन रुपये, तिच्यावर. म्हणजे झाले आठ रुपये. आणि बाजारात तो शेअर केवढ्याला? आठशेला! शंभराला एक रुपया पडला की हो. पण ‘चारशे’ म्हणताना तोंड कसं भरतं!

तर त्या चारशेच्या तोऱ्यात अण्णा एकदा देवळात गेले आणि म्हणाले, “म्हादबा, यापुढं वर्षभराचं तेल माझं. सातही वार.”

म्हादबा गुरव वाती वळत होता. तो म्हणाला, “अण्णा, वार वाटून घ्यायची रीत हाय. मोडू नगासा.”

“अरे, लोकांना कशाला त्रास? माझ्याकडं दर वर्षी येतंय.”

मंडळी, दान द्यायलाही माणूस कसा दुसऱ्याला ढकलून पुढं होतो बघा! अण्णा घरोघर गेले. गोड बोलून सगळे वार मागून घेतले. पाच घरांनी मान डोलावली. सखूआजी उंबऱ्यात उभी होती. अण्णा म्हणाले, “आजी, या वयात कशाला पायपीट?” तिनं वाटी पुसून फळीवर ठेवली.

दोन वर्षं झकास गेली. डबा भरलेला, दिवा तेवतोय, अण्णांची मान ताठ. तिसऱ्या वर्षी श्रावण आला आणि कंपनीचं पत्र आलं. नवा कारखाना बांधायचा आहे, सबब यंदा लाभांश नाही. कळवण्यास दिलगीर आहोत.

अण्णांनी पत्र चार वेळा वाचलं. त्या वर्षीचं तेल सुमनताईंच्या शिवणाच्या पैशातून आलं. पण अण्णा काही खुळे नव्हते. एका कंपनीवर विसंबायचं नाही, हे त्यांना कळलं. निम्मे शेअर विकले आणि सहा नव्या कंपन्यांचे घेतले. जुनी धरून सात! म्हादबाला म्हणाले, “बघ, आता माझीही सात घरं.”

शहाणा झाला ना माणूस? टाळी द्यावी का? थांबा, पेटीवाले, घाई नको. आधी विचारा — कंपन्या कसल्या?

अहो, अण्णांना आयुष्यभर कळत होतं एकच! सहाही पंपाच्याच. कुणाचा विहिरीतला पंप, कुणाचा नदीवरचा, कुणाचा बोअरचा. नावं सात, माल एक.

आणि पुढची दोन वर्षं रामेश्वरानं काय केलं? पाऊस पाडला! असा पाडला की विहिरी काठोकाठ, तळी तुडुंब. गावोगाव लोक नाचले. तळेवाडीत पेढे वाटले. सगळ्या गावात एकच माणूस आभाळाकडं रागानं बघत होता. कोण? बरोबर! विहीर हातानं शेंदता येत असेल, तर नवा पंप घेतो कोण? सातही कंपन्यांचा माल गोदामात पडून राहिला. श्रावणात सात पत्रं आली. सातही दिलगीर!

हसताय? हसा. पण अण्णांच्या घरात हसू नव्हतं. शेअरचा भाव निम्म्यावर आलेला, विकावं तर तोटा. सुमनताईंचं मशीन मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं बंद. गावाला सांगावं, तर आपल्याच तोंडानं मागितलेले वार. लाजेनं अण्णा देवळाकडं फिरकेनात. एका शुक्रवारी संध्याकाळी म्हादबाच दारात आला. रिकामा डबा बोटानं वाजवून दाखवला.

“अण्णा, आज रातीपुरतं हाय. उद्याचं न्हाई.”

पिढ्यान्‌पिढ्या न विझलेला दिवा, आणि तो आपल्या हातानं विझणार! अण्णांनी चपला घातल्या आणि गावाचं टोक गाठलं.

सखूआजी तुळशीपाशी बसली होती. अण्णा खाली बसले. म्हणाले, “आजी, मी चुकलो. माझ्याकडं उद्याचं तेल नाही.”

आजी म्हणाली, “उद्या वार कुठला?”

“शनिवार.”

“मग तुला रं कशाची काळजी? शनवार माझा हाय.”

अण्णांनी आत बघितलं. देव्हाऱ्यात निरांजन तेवत होतं. शेजारी तीच वाटी.

“तू देवळातला वार नेलास, म्हणून मी सोडला व्हय? दर शनवारी वाटीभर काढत हुते. देवळात न्हाई, तर हितं लावत हुते.”

अण्णा रडले. साठी उलटलेला फोरमन, म्हातारीच्या अंगणात लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसत म्हणाले, “आजी, मीही सात घरं धरली होती हो. सात कंपन्या. सातही एकदम बसल्या.”

“कसल्या कंपन्या?”

“पंपाच्या.”

“सातबी?”

“सातही.”

आजी पदर तोंडाला लावून हसली. “अरे, ही सात घरं न्हवंत. ही एक भावकी. आमच्या सासऱ्यांनी वार वाटले, तवा सात भावकीतली सात घरं निवडली. का? भावकीत कुणी गेलं की सगळ्या भावकीला सुतक. सुतकाच्या घरचं त्याल देवाला चालत न्हाई. सातबी घरं एका भावकीची असती, तर एक म्हातारं मेलं की धा दिवस देव अंधारात.”

ऐकलंत? ही बाई शाळेची पायरी चढलेली नाही. शेअरचा कागद तिनं कधी बघितला नाही. आणि अण्णांना पाच वर्षांत जे कळलं नाही, ते तिनं तुळशीपाशी बसून सांगितलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी देवळात आली. दिवा विझला नाही. रविवारी अण्णा घरोघर फिरले आणि सगळ्यांचे वार परत केले. स्वतःला एकच ठेवला, बुधवार. तो त्यांच्या घरचाच होता आधीपासून.

पैशाचंही केलं. घाई केली नाही, भाव सुधारेल तसे थोडे थोडे शेअर विकले. काही पैसे साबणाच्या कंपनीत घातले — पाऊस पडो न पडो, माणूस आंघोळ करतोच, निदान सणासुदीला तरी! काही औषधाच्या, काही विजेच्या, काही एका बँकेत. आणि सुमनताईंच्या शब्दाला मान म्हणून पोस्टातही. विक्रमशीलचे थोडे ठेवलेच. म्हणाले, “राहू दे, ते मायेचे आहेत.” मागल्या वर्षी औषधाच्या कंपनीनं लाभांश दिला नाही. अण्णांना ते दोन महिने कळलंसुद्धा नाही!

आता आपला प्रश्न. निष्ठा एकावर का अनेकांवर? अहो, एकावरच! पण कशावर? दिव्यावर. अण्णांनी निष्ठा ठेवली तेलाच्या डब्यावर. दिवा एक असू दे, तेल सात घरचं असू दे.

घरी गेलात की कपाट उघडा. आपली घरं किती आहेत ते मोजा. मग त्यांची भावकी एकच तर नाही ना, तेही बघा. ज्यानं सगळं जमिनीत घातलंय त्यानं बघावं, ज्यानं सगळं सोन्यात घातलंय त्या काकूंनीही बघावं — हो, तुम्हीच! पाटल्या झाकू नका.

आणि बघता बघता एवढंही बघा — आपल्याकडं चार पैसे जास्त आले, त्या भरात आपण कुण्या आजीचा शनिवार तर काढून घेतला नाही ना? घेतला असेल, तर उद्या सकाळी जाऊन परत देऊन या.

चला, टाळ उचला. त्या गाभाऱ्यातल्या ज्योतीकडं बघा आणि सगळ्या घरांनी मिळून रामेश्वराचं नाव घ्या.