संडास-बाथरूम एकत्र की वेगळं?

घर बांधताना काय काय कळतं बघा. पलूसला आमचं बांधकाम चाललं होतं. गवंड्यानं विचारलं, “संडास-बाथरूम वेगळं का एकत्र?”

“वेगळं,” माझे वडील, आबा, ठामपणे म्हणाले.

तेवढ्यात आई म्हणाली, “एकत्र. अन् लय मोठं करा.”

शिवाशीव पाळणारी आई असं म्हणतीय? मला काय चैन पडंना. आबा बाहेर गेल्यावर तिला विचारलंच, “आये, एकत्र कशाला गं?”

ती हळू आवाजात म्हणाली, “त्यास्नी बसलं की उठता येत न्हाई. मीच धरून उठवती. वेगळा संडास एवढासा हुतोय, त्यात दोघं कशी मावायची?”

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला सांगितलं, “एकत्रच करा. मला तसंच आवडतं.”

आबा माझ्याकडं बघत राहिले. पण वाद घातला न्हाई.