डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर

मंदावहिनी, विलासची लेक नेहा, कोलशेत गावातली मंडळी, आणि विलासच्या हाताखाली कबड्डी शिकलेली तुम्ही सगळी मुलं…

तुम्ही एवढे जण आलात. मला बोलायला उभं केलंत. सांभाळून घ्या.

मी सुरेश. डोंबिवलीला राहतो, दिवा स्टेशनजवळ औषधाच्या दुकानात काम करतो. विलास आमच्या दुकानातून पोरांसाठी क्रेप बँडेज न्यायचा, तिथून ओळख झाली. वीस वर्षं झाली. सगळे म्हणतात, कोरोनात मीच विलासला धीर दिला. आत्ता माझ्याआधी बोलले तेही हेच म्हणाले.

ते खरं नाही. मी काय केलं, ते आज सांगतो.

पहिल्या लाटेत आम्ही दोघं एकाच वॉर्डात होतो. मी आधी गेलेलो, दोन दिवसांनी तो आला. शेजारची खाट मिळाली तर काय आनंद झालेला मला! घरचं कोणी भेटायला येऊ शकत नव्हतं. सगळे प्लास्टिकच्या पोशाखात, कोणाचा चेहरा दिसायचा नाही. दिसायचा तो एक विलासचा.

आणि एक भीती होती. ज्याचं बिघडायचं, त्याला वरच्या मजल्यावर आयसीयूत न्यायचे. आमच्यासमोर तिघांना नेलं. एकही परत आला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी विलास मला म्हणाला, "सुऱ्या, छातीन धडधडतंय रं. बसल्या बसल्या धावल्यासारका वाटतंय."

मी त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन बरा होता. त्याच्याखाली नाडीचा आकडा असतो. तो एकशे तीसच्या पुढे गेलेला. मला दिसला नाही, असं नाही. मला दिसला. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलंय माझं, त्याचा अर्थ मला कळत होता.

मी म्हणालो, "ऑक्सिजन छान आहे रे. घाबरलायस तू, म्हणून होतंय. पडून राहा."

त्याने ऐकलं. कबड्डीच्या मैदानात कोणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस. पण औषधपाण्याच्या बाबतीत माझा शब्द त्याला शेवटचा.

डॉक्टर राऊंडला आले. तरुण होते, थकलेले. "काका, काही त्रास?" विलासने माझ्याकडे पाहिलं. आणि मी उत्तर दिलं. "नाही डॉक्टर, बरा आहे तो."

का बोललो मी असं? त्याच्या भल्यासाठी? मी बरीच वर्षं स्वतःला तेच सांगितलं. नाही हो. त्याला वर नेलं असतं तर मी एकटा पडलो असतो. मला एकटं राहायचं नव्हतं. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा मीच बोललो. "बरा आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी विलास बेसिनपाशी कोसळला. त्याला उचलून वर नेताना डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना कधीपासून होतंय असं?"

मी म्हणालो, "आत्ताच. आत्तापर्यंत चांगला होता."

हे सगळ्यात वाईट. तोपर्यंतचं भीतीपोटी झालं म्हणा. पण हे मी स्वतःची कातडी वाचवायला बोललो.

तपासण्यांत निघालं की आजार फुप्फुसावर थांबला नव्हता. हृदयाच्या स्नायूला सूज आलेली, ठोके बिघडलेले. विलास वाचला. तीन आठवड्यांनी घरी गेला. पण हृदय कमजोर झालं ते झालंच. दोन दिवस आधी कळलं असतं तर फरक पडला असता का? पुढे एका डॉक्टरांना विचारलं मी, दुसऱ्याच कोणाचं म्हणून. ते म्हणाले, "कदाचित पडला असता, कदाचित नसता." या 'कदाचित'वर मी एवढी वर्षं काढली.

तुम्ही त्याला पाहिलंत. शिट्टी फुंकायला दम पुरत नव्हता, तर टाळ्या वाजवून शिकवायचा. मी दर रविवारी त्याच्याकडे जायचो. वहिनी चहा द्यायच्या, म्हणायच्या, "भावोजी, तुम्ही होतात म्हणून हे आज दिसतायत." तो चहा मी प्यायचो.

यंदा गणपतीनंतर मी विलासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोन दिवस, सुऱ्या? दोन दिवस तुना म्हाइत होता?" आणि म्हणाला, "जा तू आता."

तीन आठवडे फोन उचलला नाही त्याने. मग स्वतःच केला. "यं घरी." मी गेलो. म्हणाला, "माजा राग गेला नाय. पन तुज्याबिगर रविवार जात नाय." आणि मग म्हणाला, "मंदाला मी सांगनार नाय. तू सांग. तुज्या तोंडानं."

मी आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिलो. गेल्या मंगळवारी दुपारी विलास जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.

आज सकाळी मी वहिनींना सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सभेत सांगा. ही पोरं दुखणं लपवून खेळतात, त्यांना ऐकू दे."

पोरांनो, ऐकलंत ना?

वहिनी, माफी मागायचं तोंड नाही मला. तेराव्याला मी येईन. खाली दाराशी उभा राहीन. वर बोलवायचं की नाही, ते तुम्ही आणि नेहाने ठरवा. नाही बोलवलंत तरी मी समजेन.

विलास, मित्रा, तुझं काम मी उशिरा केलं. तुला हात जोडतो.

उठा मंडळी. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. त्याच्यासाठी शांत उभे राहू या.